खिसा बेताचा, वाट दगडाची

मावळात फोर बाय फोर गाड्या पुष्कळ आहेत. कुणाची जुनी जिप्सी, कुणाची सेकंडहँड थार, कुणाच्या गोठ्यामागे वर्षानुवर्षं उभी असलेली आणि आता नातवानं रंग देऊन बाहेर काढलेली एमएम ५४०. शिवाय बोलेरो तर गावोगाव. या सगळ्या मालकांना दोन-तीन वर्षांतून एकदा टायरांचा खर्च येतो, आणि तो एकदम चार टायरांचा येतो. दुकानात गेलं की भिंतीवर टांगलेला जाड ठोकळ्यांचा मड-टेरेन टायर दिसतो. गाडीला तो काय रुबाब देईल, हे डोळ्यांसमोर उभं राहतं आणि हिशेब तिथेच कोलमडतो.

हा लेख अशा माणसासाठी आहे ज्याच्या खिशात ठरावीक पैसे आहेत, गाडी रोजच्या कामाची आहे आणि वाट अधूनमधून खरोखरच वाईट आहे. उदाहरणाला भाजे घेऊ. मळवली स्टेशनकडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव. तिथून वर गायमुख खिंडीकडे आणि लोहगडवाडीकडे चढणारा घाट. या एवढ्याशा टापूत टायरच्या सगळ्या परीक्षा होतात: ओलं डांबर, शेवाळलेलं सिमेंट काँक्रीट, उघडा पडलेला काळा दगड, मुरूम, आणि पाणंदीला वळलात तर भातखाचरांच्या कडेचा चिखल. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये.

तर पहिला प्रश्न: यातली कुठली परीक्षा जीवावर बेतणारी आहे? चिखल नाही. चिखलात गाडी रुतते, आपण उतरतो, बूट खराब होतात, वाडीतून कुणीतरी ट्रॅक्टर आणतो, सगळे हसतात. जीव जातो तो ओल्या डांबरावर. बोरघाटातल्या उतारावर, जुन्या हायवेच्या वळणावर, समोरच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारल्यावर. आणि नेमकं याच ठिकाणी मड-टेरेन टायर सगळ्यात कच्चा असतो. त्याचे ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद. म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. ठोकळ्यांवर बारीक चिराही कमी असतात. ओल्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरून ठेवायचं काम या बारीक चिराच करतात. शेवाळलेल्या काँक्रीटवरही हेच. गावातल्या चढावरच्या काँक्रीटवर मड-टेरेन घातलेली गाडी मागे घसरते आणि साधे, चिरा असलेले टायर घातलेली बोलेरो शेजारून निघून जाते. त्यात आश्चर्य काहीच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मावळातल्या बेताच्या बजेटच्या माणसानं ऑल-टेरेन टायर घ्यावा, तो कंपनीनं दिलेल्या मापातच घ्यावा, ताजा घ्यावा, आणि उरलेल्या पैशात हवेचा मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर घ्यावा. बाकीचा लेख म्हणजे या वाक्याची फोड आहे.

टायरांचे ढोबळ तीन प्रकार. हायवे-टेरेन, म्हणजे एचटी: आवाज कमी, मायलेज चांगलं, ओल्या डांबरावर भरवशाचा. ऑल-टेरेन, म्हणजे एटी: मधला. मड-टेरेन, म्हणजे एमटी: चिखलाचा आणि मोठ्या दगडांचा राजा, बाकी सगळीकडे महागडा पाहुणा. तुमची गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते आणि त्यातले वीस-पंचवीसच कच्च्या रस्त्याचे असतील, तर एटीसुद्धा चैन आहे. चांगल्या एचटीवर भागेल. हे लोकांना पटत नाही. पण मारुतीनं जिम्नी विकायला काढली तीसुद्धा एचटी टायरांवरच, आणि त्या टायरांवर ती बऱ्याच वाटा चढून जाते.

एमटी कुणी घ्यावा? ज्याचं शेत पाणंदीच्या टोकाला आहे, जुलै-ऑगस्टमध्ये रोज तिथे जावं लागतं आणि ज्याची गाडी हायवेवर क्वचितच जाते, त्यानं. मावळातली माती चिकट. चिखलणी चालू असताना खाचरांच्या कडेची वाट अशी होते की एटीच्या फटी दोन फेऱ्यांत भरून जातात. मग टायर म्हणजे मातीचा गुळगुळीत लाटण्यासारखा गोळा. एमटीच्या रुंद फटी चाक फिरताना चिखल बाहेर फेकतात; त्याची सगळी करामत एवढीच. पण एक लक्षात घ्या. त्याच खाचरात इंद्रायणी तांदळाची चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावावं लागतं. खरा भाताचा चिखल रबराच्या आवाक्यातला नाहीच. तिथे गाडी घालणं हा टायर निवडीचा प्रश्न नसतो. शिवाय पाणंद ही गावाची वाट आहे. आपण मजेसाठी तिथे चाकोऱ्या पाडायच्या आणि मग बैलगाडी अडकायची, हे बरं नव्हे.

आता माप. टायरच्या अंगावर लिहिलेलं वाचायला शिकलं की दुकानदारापुढे निम्मी लढाई जिंकली. समजा ‘२३५/७० आर १६ १०६ एस’ असं लिहिलंय. २३५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. १०६ हा भार-निर्देशांक, म्हणजे एका टायरची क्षमता ९५० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची मान्यता. क्यू असेल तर १६०. भार-निर्देशांक कंपनीनं दिलेल्यापेक्षा खाली कधीही जाऊ नका, कितीही स्वस्त मिळत असला तरी. बोलेरोत मागे सहा माणसं आणि टपावर तांदळाची पोती, असा आपला रिवाज आहे. तो आकडा त्यासाठीच असतो.

मोठं माप घालायचा मोह सगळ्यांना होतो. जुन्या सीआरडीई थारला २३५/७० आर १६ येत असे, आणि अनेकांनी तिला २४५/७५ आर १६ घातले. हिशेब करून पाहू. पहिल्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा सुमारे ७७४. फरक जवळजवळ पाच टक्के. जमिनीपासूनची उंची वाढते ती या फरकाच्या निम्मी, म्हणजे दोन सेंटिमीटर. या दोन सेंटिमीटरसाठी काय काय द्यावं लागतं? स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टनं धावते. पिकअप मरतो. चाक जड झाल्यानं ब्रेकला जास्त जोर लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर कुठेतरी घासतो, मग ते टाळायला सस्पेन्शन उचलायचं, आणि खर्चाची गाडी उताराला लागते. कायद्याची बाजूही आहे: मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हात आखडता घ्यायला तेवढं कारण पुरतं. बजेट कमी असेल तर माप बदलण्याचा विचार घरीच सोडून दुकानात जा.

याला एक अपवाद, आणि तो पैसे वाचवणारा आहे. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांना कंपनीच वेगवेगळे रिम देते. २०२० नंतरच्या थारला अलॉयवर २५५/६५ आर १८ येतो आणि लोखंडी रिमवर २४५/७५ आर १६. बाहेरून दोन्हींच्या व्यासात फक्त दीड सेंटिमीटरचा फरक. पण सोळाच्या रिमवर टायरची भिंत उंच असते. ती जास्त दबते, दगडाचा मार रिमपर्यंत पोचू देत नाही, हवा कमी केली की छान पसरते. आणि सोळाचे टायर साधारणपणे अठरापेक्षा स्वस्त. कुणी लोखंडी रिम काढून अलॉय घातले असतील, तर त्याचे जुने रिम मिळवणं हा चांगला सौदा ठरू शकतो. फक्त आपल्या गाडीच्या ब्रेकवर ते बसतात का, हे पैसे देण्याआधी एक चाक लावून पाहा.

टायरच्या भिंतीचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे टायर चिखलानं मरत नाही, दगडानं मरतो. सह्याद्रीचा काळा बसाल्ट फुटतो तो धारदार कडा सोडून. नक्षीच्या भागाखाली पोलादी पट्टे असतात; तिथे खिळा गेला तर पंक्चरवाला काढून देतो. भिंतीत पोलादी पट्टे नसतात, नुसते दोऱ्यांचे थर. तिथे चीर पडली की टायर गेला. त्यावर पट्टी मारून देणारे भेटतील, आणि ती पट्टी गावात टिकेलही. पण त्याच टायरवर द्रुतगती मार्गाला लागणं म्हणजे उघडपणे नशिबाशी खेळणं. भाजे लेण्यांतल्या विहारात एक रथ कोरलेला आहे, अवाढव्य राक्षसी देहांवरून चाललेला. त्या सारथ्याला ही चिंता नव्हती. आपल्याला आहे. म्हणून दगडाला चाकाच्या मधोमध घ्या, कडेनं घासून जाऊ नका. धारदार दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह आवरा. तो पोटाखाली लागतो. त्यापेक्षा टायर त्याच्यावर अलगद चढवलेला बरा. टायर घेताना भिंतीत किती थर आहेत, हे तिथेच कोरलेलं असतं, ते वाचा. बहुतेक एटीत दोन असतात, काहींत तीन. किमतीत थोडाच फरक असेल आणि तुमची वाट खरोखर दगडी असेल, तर तीनवाला घ्या.

आता ताजेपणा. टायरवर डॉट अक्षरांनंतरच्या मालिकेच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षाचा असेल तर भावात घासाघीस करा, दोन वर्षांचा असेल तर दुसरा मागा. मोठमोठ्या कंपन्याच सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टाकून द्यावा. रबर वापरानं झिजतं तसं न वापरताही वाळतं.

यातून एक बजेटची गोष्ट निघते, ती फारशी कुणी सांगत नाही. फार्महाऊसवरची जीप वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते. सहा वर्षांत झाले अठरा हजार. पन्नास हजार किलोमीटर टिकणारा महाग टायर तिला घालून काय मिळणार? नक्षी तशीच राहील आणि भिंतीला भेगा पडतील. अशा गाडीला मधल्या भावाचा देशी टायर पुरे. उलट ज्याची गाडी रोज मळवली ते पिंपरी धावते, त्यानं किलोमीटरमागचा भाव काढावा. समजा एक एटी नऊ हजारांना मिळतो आणि ४५ हजार किलोमीटर जातो: किलोमीटरला वीस पैसे. समजा एक एमटी चौदा हजारांना मिळतो आणि २८ हजार जातो: पन्नास पैसे. दुकानातले खरे आकडे घालून हा भागाकार स्वतः करा.

कंपन्यांची नावं घ्यायची तर अपोलो, सिएट, एमआरएफ, जेके या देशी कंपन्या एटी बनवतात. योकोहामासारख्या परदेशी कंपन्यांचेही भारतात कारखाने आहेत. आयात टायरांच्या मागे बेताच्या बजेटवाल्यानं लागू नये. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे फुटलेल्या एका टायरच्या जोडीला तसाच दुसरा मिळेपर्यंत गाडी उभी राहते. कामशेत किंवा तळेगावच्या दुकानात उद्या जो टायर मिळेल, तो आपला ब्रँड. आयएसआय चिन्ह मात्र पाहाच. आणि बिल घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा बिनबिलाच्या सवलतीची गोडीही तशी कमीच झाली आहे. बिल नसेल तर वॉरंटी नाही.

जुने टायर घ्यावेत का? एक प्रकार जरूर घ्यावा. पुण्या-मुंबईचे हौशी लोक नवी थार घेतात आणि पहिल्या महिन्यातच कंपनीचे टायर काढून मोठे घालतात. ते काढलेले टायर काहीशे किलोमीटरच चाललेले असतात आणि निम्म्याच्या आसपास भावात मिळू शकतात. गेल्या वर्षभरातली तारीख, आतून पट्टी नाही, भिंतीवर फुगवटा नाही, कडेच्या तारेचा काठ कुठे फाटलेला नाही, एवढं पाहिलं की झालं. ते रिमवरून उतरवून, आतून बोट फिरवून पाहा. रिमोल्ड टायर हा दुसरा प्रकार. ट्रकला ते चालतात, कारण ट्रकचे टायर त्यासाठीच बनलेले असतात. आपल्या गाडीला, त्यातही पुढच्या चाकांना, मी ते सुचवणार नाही. गावातच फिरणाऱ्या जुन्या जीपची गोष्ट वेगळी. तिला ६.००-१६ मापाचे, लष्करी नक्षीचे जुन्या पद्धतीचे टायर मिळतात. डांबरावर ते गाडी इकडेतिकडे भटकवतात, पण किंमत कमी आणि चिखलात कामाचे.

चारांऐवजी दोनच टायर घेण्याइतके पैसे असतील तर? गाडी टू-व्हील ड्राईव्ह असेल तर दोन घ्या आणि मागे लावा, पुढे नव्हे. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली की गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळ मिळत नाही. फोर बाय फोर असेल तर थोडं थांबून चारही एकदम घेतलेले बरे. पुढे झिजलेले आणि मागे नवे, असं केलं की चाकांच्या घेरात फरक पडतो. फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना ओढत राहतात आणि भार ट्रान्स्फर केसवर येतो. तिची दुरुस्ती टायरांहून महाग. पाच घेणं जमलं तर स्टेपनीलाही फिरत्या रांगेत घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं बदलत गेलात तर प्रत्येक टायर पाचातला एक वेळ विश्रांती घेतो आणि संच चौथाईनं जास्त पुरतो. चारच घेतलेत तर जुन्यांतला सगळ्यात चांगला, त्याच मापाचा टायर स्टेपनीला ठेवा.

आता कॉम्प्रेसर. टायर काहीही असो, हवा कमी केल्यावर तो दुप्पट कामाचा होतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३० च्या आसपास पीएसआय लिहिलेलं असेल. कच्च्या, दगडी चढावर २० ते २२ करा. टायर जमिनीवर पसरतो, दगडाला गुंडाळतो आणि गाडीतल्या माणसांचे मणकेही वाचतात. चिखलात १८ पर्यंत जा. १५ च्या खाली जाऊ नका. ट्यूबलेस टायर वळणावर रिमवरून निसटेल. हवा कमी असताना ताशी तीस-चाळीसच्या वर जायचं नाही, आणि हायवेला लागण्याआधी पुन्हा भरायचीच. कमी हवेचा टायर वेगात दबत-फुलत राहतो, तापतो आणि फुटतो. म्हणूनच कॉम्प्रेसर. तीन-चार हजारांत कामापुरता मिळतो. लायटरच्या भोकात खुपसायचा नको, तिथला फ्यूज उडतो; थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. तो घेणं जमत नसेल तर काही शेकड्यांचा मीटर तरी घ्या आणि जुन्या हायवेवरच्या पंपापर्यंत रांगत जा. नायट्रोजनला जादा पैसे मोजू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

कुठे जायचं नाही, हेही सांगून टाकतो. लोहगड हा संरक्षित किल्ला आहे आणि २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या किंवा विसापूरच्या उतारावर गाडी चढवणं ही हौस नव्हे. मुसळधार पावसात प्रशासन मावळातल्या पर्यटनस्थळांवर बंदी घालतं, ती पाळा. भाजे गावावर जुलै १९८९ मध्ये दरड कोसळली होती. त्या डोंगराखाली पावसात गाडी लावून भजी खाताना गावातली जुनी माणसं आपल्याकडे का बघतात, ते यावरून कळावं.

टायर बसवताना व्हॉल्व्ह नवे टाकून घ्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्या. विशेषतः रिम बदलले असतील तर. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फटींत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरनं काढा. खडा रुतत रुतत आत जातो. नक्षीच्या फटींत १.६ मिलिमीटरवर छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कायद्यानं टायर संपला. मावळातल्या पावसासाठी तो ३ मिलिमीटरलाच संपला असं धरा.

आणि काढलेले टायर दुकानातच देऊन या. घरी आणून गोठ्यामागे टाकले की त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. झाडाला आळं म्हणून वापरायचे असतील, तर आधी तळाला भोकं पाडा.